खडूने लिहिलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या डोक्यावर सध्या एक जड, कापलेला तुकडा ठेवलेला आहे. बाहेरून तो पांढराशुभ्र आणि गुळगुळीत दिसतो. कापलेल्या बाजूने पाहिले तर आत करपल्यासारखा तपकिरी पट्टा आहे आणि त्याच्या मधोमध एक फट आहे. तिच्यात बोटाचे नख सहज जाते. या तुकड्याची गोष्ट आठवली की आजही माझा पंखा घरघरू लागतो.  

माझा स्वभाव मुळातच काळजीचा. वीज जराशी कमी-जास्त झाली तरी माझा जीव वरखाली होतो. पण आज जी काळजी सांगणार आहे ती विजेची नाही.

मला खोक्यातून बाहेर काढले ते ताईंनी. आमचा कारखाना बोटी बनवतो आणि ताई तिथल्या इंजिनिअर आहेत. कारखान्याच्या माळ्यावर त्यांची छोटी केबिन आहे. तिची एक भिंत काचेची आहे, त्यामुळे टेबलावर बसून मला खालचे सगळे साचे दिसत. त्या साच्यांवर मिस्त्रींचे राज्य होते. मिस्त्री म्हणजे ताईंचे सासरे. अख्खा कारखाना ताईंना ताई म्हणे, पण मिस्त्री कामाच्या ठिकाणीही सूनबाईच म्हणत.

मला पाहायला ते पहिल्या दिवशी वर आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “ही पेटी आता मला बोट शिकवणार का?”

“शिकवणार नाही बाबा, आधी करून बघणार,” ताई म्हणाल्या.

“बघू दे. मी खाली आहेच.”

तेव्हापासून माझे नाव पेटी पडले. मला ते आवडले नाही, पण नाव ठेवताना कोणी विचारत नाही.

मित्रांनो, आमच्या बोटी लाकडाच्या नसतात. काचेच्या बारीक धाग्यांचे कापड असते. साच्यात त्याचे थरावर थर पसरतात, वरून प्लास्टिक घालून कडा पक्क्या चिकटवतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. मग नळीतून रेझिन सोडतात. रेझिन म्हणजे मधासारखा दाट पदार्थ. हवा काढलेल्या जागेत ते आपोआप पसरत जाते, कापड भिजवते आणि काही तासांत दगडासारखे घट्ट होते. ऐकायला सोपे वाटते. पण रेझिन एखाद्या कोपऱ्यात पोचलेच नाही, तर तिथे कोरडे कापड राहते. शिवाय घट्ट होताना रेझिन स्वतःच तापते. भाग पातळ असेल तर ती उष्णता बाहेर निघून जाते. भाग जाड असेल तर ती आतच कोंडते, आणि फार कोंडली तर आतले थर करपून एकमेकांपासून सुटतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

माझे काम काय, तर हे सगळे आधी खोटे खोटे करून पाहायचे. ताई माझ्यात बोटीचे चित्र भरत आणि त्यावर जाळी टाकत. जाळी टाकली की बोट हजारो छोट्या चौकटींत वाटली जाई. मग मी एकेका चौकटीला विचारत बसे, बाई गं, तुझ्यापर्यंत रेझिन कधी पोचले? तू किती तापलीस? तुझ्या शेजारणीला किती उष्णता दिलीस? सगळ्यांची उत्तरे जमली की मी रंगीत चित्र दाखवी. थंड भाग निळा, बरा भाग हिरवा, धोक्याचा भाग लाल.

मिस्त्रींची रीत वेगळी होती. रेझिन घट्ट होऊ लागले की ते वरच्या प्लास्टिकवर तळहात टेकवत आणि मनात आकडे मोजत. चटका बसून हात उचलावा लागला की मोजणे थांबवत आणि तो आकडा खडूने साच्याच्या कडेवर लिहीत. आठ आले तर काम निवांत. पाच आले तर लक्ष ठेवायचे. तीन किंवा त्याहून कमी आले, तर बोट साच्यातून निघाल्यावर त्या जागी नाणे वाजवून बघायचे. चांगला भाग टण् वाजतो. आत थर सुटलेले असतील तर ठप्प असा मेलेला आवाज येतो. हे आकडे पूर्वी एका वहीत उतरवले जात.

मग एका लांबलचक बोटीच्या तळाचे काम आले. मिस्त्री म्हणाले, रेझिन मधून सोडू. मी दाखवले की मधून सोडले तर डाव्या टोकाचा कोपरा कोरडा राहील. मिस्त्री हसले आणि त्यांनी मधूनच सोडले. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच कोपऱ्यात ताटाएवढा पांढरा कोरडा डाग निघाला. तो भाग कापून नव्याने करावा लागला. कामगार कुजबुजू लागले. मिस्त्री जिना चढून वर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“पेटीला कळतं,” ते म्हणाले. “मला नाही कळलं.”

खोटे कशाला बोलू, मी हुरळून गेलो. माझ्या पडद्यावरची धूळ ताई आता रोज पुसू लागल्या. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. खाली कोणी काही विचारले तर मिस्त्री म्हणत, “मला कशाला विचारता, पेटीला विचारा.” ते हे रागाने म्हणत नसत. मनापासून म्हणत, आणि तेच वाईट झाले. तळहात टेकवून खडूने आकडा लिहायची सवय त्यांची सुटली नाही. पण तो आकडा आता वहीत कोणी उतरवत नव्हते. वही माझ्या शेजारच्या कपाटात गेली आणि तिच्यावर माझ्या वायरी ठेवल्या गेल्या.

अशी काही वर्षे गेली. मग ती बोट आली.

बुडणाऱ्या माणसांना वाचवायला जाणारी बोट होती ती. नऊ माणसांची, वेगवान, मागे दोन भारी इंजिने. बोटीच्या ज्या मागच्या भिंतीवर इंजिने बसतात तिला आमच्याकडे पाठ म्हणतात. या बोटीची पाठ वीतभर जाड होती. एवढी जाड पाठ आमच्या कारखान्याने आधी कधी केली नव्हती. आणि बोट तयार झाल्यावर पाण्यात पहिली चाचणी घेणार होता मिस्त्रींचा मुलगा, म्हणजे ताईंचा नवरा. त्याचे कामच ते. आमच्याकडची प्रत्येक नवी बोट आधी तो चालवून बघतो.

मी तोवर म्हातारा झालो होतो. एवढ्या मोठ्या बोटीला बारीक जाळी टाकली, तर मला उत्तर द्यायला दोन दिवस लागणार होते. मालक दारात येऊन उभे राहिले.

“ताई, जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्तर पाहिजे. उद्या रेझिन सोडायचंय.”

“जाळी थोडी मोठी करते मग.”

“करा की. आजवर काही बिघडलंय का?”

आजवर काही बिघडले नव्हते, हे खरे होते. आमच्या बोटींच्या भिंती पातळ असत आणि पातळ भिंतीला जाडीत एकच चौकट पुरते. ताईंनी सवयीने तेच केले. सगळ्या बोटीला जाडीत एकच चौकट दिली, आणि पाठीलाही एकच दिली.

मित्रांनो, एकच चौकट मिळाली की मला दोनच जागांचा हिशोब करता येतो, आतल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा. मधले मी मोजत नाही. दोन्ही बाजूंचे रंग घेतो आणि मध्ये त्यांच्या दरम्यानचा रंग भरून टाकतो. बाहेर हिरवे, आत हिरवे, म्हणून मध्येही हिरवे. पण वीतभर जाड पाठीत सगळ्यात जास्त तापते ते नेमके मधलेच, आणि तिथून जी उष्णता बाहेर येते तीही माझ्या हिशोबात आली नाही. मला जे विचारले गेले तेवढेच मी मोजले आणि उरलेले रंगवून दिले. रंगवलेले इतके छान दिसत होते की मोजलेले कोणते आणि भरलेले कोणते, ते कुणालाच कळले नसते.

माझा पंखा घरघरू लागला. मला दुसरे काय येते? मी शक्य तितक्या जोराने घरघरलो.

“धूळ साचली वाटतं याच्यात,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या पंख्याच्या जाळीत फुंकर मारली.

दुसऱ्या दिवशी खाली रेझिन सोडले. मी काचेतून बघत होतो. चार तासांनी मिस्त्री पाठीजवळ गेले. त्यांनी तळहात टेकवला आणि लगेच उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. मग त्यांनी वर केबिनकडे पाहिले. ताईंनी माझा पडदा काचेकडे वळवला, त्यावरची हिरवी पाठ त्यांना दाखवली आणि हसून मान हलवली. मिस्त्रींनी आपल्या तळहाताकडे पाहिले. मग खिशातून खडू काढून साच्याच्या कडेवर काहीतरी लिहिले आणि ते दुसऱ्या कामाला निघून गेले. एवढ्या लांबून मला तो आकडा वाचता आला नाही. त्या दिवसापासून मला चैन पडेना.

बोट साच्यातून निघाली, घासली गेली, पांढरी झाली. तिच्यावर केशरी पट्टा ओढला. इंजिने चढली. रिकामा साचा भिंतीला टेकवून ठेवला. आणि वर केबिनमध्ये माझ्या शेजारी एक नवा संगणक आला. काळा, सडपातळ, घरघर न करणारा. मला टेबलाच्या कडेला सरकवले. माझ्यावर हेल्मेट ठेवली जाऊ लागली, कधी डबाही. मला त्याचे वाईट वाटायला हवे होते. पण माझे सगळे लक्ष त्या हिरव्या पाठीत अडकले होते.

चाचणीचा दिवस उजाडला. ताई लवकर आल्या. नवरा परस्पर धक्क्यावर गेला होता, दहाला बोट पाण्यात जाणार होती. तोवर नवा संगणक नीट चालतो की नाही ते तपासू म्हणून ताईंनी माझी जुनी कामे त्याला एकेक करून घातली. तो बारीक जाळी टाकूनच मोजत असे, कारण त्याला वेळ लागत नव्हता. पहिले काम जुळले. दुसरे, तिसरे, चौथे जुळले. पाचवी होती ती बोट.

नव्या संगणकाने पाठीच्या मधोमध लाल रंग दाखवला. गडद लाल.

मला वाटले, सुटलो! आता ताई ताडकन उठतील. पण ताई उठल्या नाहीत. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, “हा नवा बिघडलेला दिसतोय.” विकणाऱ्याला फोन लावून तक्रारही केली. “चार कामं जुळतात आणि पाचवं नाही. आमचा जुना आजवर एकदाही चुकला नाहीये हो.”

मित्रांनो, माझी कीर्ती मला त्या दिवशी फार महाग वाटली. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. ताई नव्याला पुन्हा तेच काम घालत होत्या, तो पुन्हा लाल दाखवत होता. मी खोटा आहे, मी खोटा आहे, असे मी आतल्या आत ओरडत होतो, आणि बाहेर फक्त घरघर येत होती.

शेवटी त्यांनी माझ्यावरचे हेल्मेट बाजूला केले आणि माझ्यात ते काम उघडले. पाठ आडवी कापून पाहिली. जाडीत एकच चौकट होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले, तरी एकच.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू आले.

तेवढ्यात मिस्त्री जिना चढून आले. त्यांच्या हातात चहाचे दोन कप होते.

“बाबा, त्या दिवशी पाठीवर हात किती टिकला होता?”

मिस्त्रींनी कप खाली ठेवले. “दोन,” ते म्हणाले. “दोनसुद्धा धड नाही. साच्यावर लिहिलंय की. अजून असेल.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू वरून हिरवं दाखवलंस. म्हटलं, आपलाच हात म्हातारा झाला.”

 ताईंनी फोन उचलला आणि नवऱ्याला लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. मिस्त्रींना काही समजावून सांगावे लागले नाही. त्यांचा गुडघा दुखरा, जिना उतरायला त्यांना एरवी कठडा लागतो. त्या दिवशी ते कठड्याला न धरता उतरले आणि फाटकातून धक्क्याच्या दिशेने पळत सुटले.

दहाला पाच कमी होते. ताईंनी पुन्हा फोन लावला. पुन्हा रिंग. दहा वाजले. दहा वाजून सात मिनिटे झाली. त्या फोन कानाला लावून काचेपाशी उभ्या होत्या, बसत नव्हत्या. मी चौकटी मोजणारा प्राणी, मी रिंगा मोजत होतो. आठव्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला. मागे इंजिनांचा प्रचंड आवाज होता.

“काय गं? काही ऐकू येत नाहीये! मस्त चाललीय बोट!”

“इंजिन बंद कर!”

“काय?”

“इंजिन बंद कर! आत्ता! मी सांगते म्हणून कर!”

आवाज थांबला. नुसते पाण्याचे चुबुकचुबुक ऐकू येऊ लागले. ताईंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

“झालं बंद. आता काय?”

“खिशात नाणं आहे? पाठीवर वाजव. डावीकडून मधे ये.”

“तू बाबांसारखं काय बोलतेस?”

“वाजव रे!”

मग फोनमधून आवाज आला. टण्. टण्. टण्. मी श्वास रोखला, म्हणजे माझा पंखा क्षणभर अडकला. टण्. ठप्प. पुन्हा ठप्प. 

“ऐकलंस?” तो म्हणाला. त्याच्या आवाजातली मजा पार उतरली होती.

“ऐकलं.”

“वेग आत्ताच वाढवणार होतो. सहा जण आहेत बोटीवर. एकाच इंजिनावर हळूहळू आणतो. तू काळजी करू नकोस.”

ही त्याने मोठीच अवघड गोष्ट सांगितली. पुढचा पाऊण तास ताईंनी चहाला हात लावला नाही, दोन्ही कपांवर साय धरली. समुद्र त्या काचेतून दिसत नाही, तरी त्या काचेतूनच बघत राहिल्या. मला आधी पाठीचे दोन तुकडे झालेले दिसत, मग इंजिन पाण्यात ओढले जाताना दिसे, मग मी ते चित्र पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. शेवटी जिन्यावर पावले वाजली. मिस्त्री घामाने भिजले होते. दाराची चौकट धरून त्यांनी आधी दम घेतला.

“आला,” ते म्हणाले. “सगळे आले.”

ताई माझ्याच टेबलावर डोके टेकवून रडल्या. मिस्त्रींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवला, आकडे मोजले नाहीत.

बोटीची पाठ कापली. माझ्या डोक्यावरचा तुकडा तिथलाच. मालकांनी सगळ्यांना समोर उभे करून विचारले, चूक कोणाची? ताई म्हणाल्या, माझी. मिस्त्री म्हणाले, माझी पण, मी लिहिलं पण बोललो नाही. मालक स्वतःबद्दल काही म्हणाले नाहीत, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्तर द्या असेही त्यांनी पुन्हा कधी म्हटले नाही. माझे नाव मात्र कोणीच घेतले नाही. हिरवे तर मी दाखवले होते. कोणीतरी रागावले असते तर मला बरे वाटले असते.

मला भंगारात काढायचे ठरले. त्याआधी ताईंनी एक गोष्ट केली, जी करायची त्यांना काही गरज नव्हती. त्यांनी माझ्यात ती बोट पुन्हा उघडली आणि पाठीला बारीक जाळी टाकली, जाडीत बारा चौकटी.

“आता सांग,” त्या मला म्हणाल्या.

दोन दिवस लागले. माझा पंखा जणू जीव देत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पडद्यावर पाठीच्या मधोमध लाल रंग उमटला, नव्या संगणकाने दाखवला होता तसाच. मिस्त्री तेव्हा तिथे होते. त्यांनी पडदा पाहिला. मग जवळ येऊन त्यांनी माझ्या तापलेल्या पत्र्यावर तळहात टेकवला. इतक्या वर्षांत मला असा हात कोणी लावला नव्हता. ते मनात मोजत होते, त्यांचे ओठ हलत होते. हात उचलून त्यांनी खिशातला खडू काढला आणि माझ्या पत्र्यावर लिहिले, पाच.

“लक्ष ठेवायला पाहिजे हिच्यावर,” ते म्हणाले. “टाकू नका.”

मी इथेच राहिलो. कपाटातली वही माझ्या वायरींखालून निघाली आहे. आता नव्या संगणकाचे चित्र आणि खडूचा आकडा शेजारी शेजारी लिहिले जातात आणि दोन्ही जुळल्याशिवाय बोट पुढे जात नाही. मिस्त्रींचा तळहात आता राठ झाला आहे, म्हणून ते ताईंना हात टेकवायला शिकवतात. काचेतून मला दिसते. ताई मोजतात, चटकन हात उचलतात, मिस्त्री हसतात. तरीही माझी काळजी जात नाही. नवा संगणक फार चांगला आहे, आजवर एकदाही चुकलेला नाही. कालच मालक कोणाला तरी म्हणत होते, याला विचारलं की झालं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शाळेत माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवा, पण तिने काय मोजले आणि काय नुसते रंगवले, ते तिला विचारा. आणि शेजारी कोणी हात टेकवून काही लिहून ठेवले असेल, तर तेही जाऊन वाचा. माझे म्हणाल तर मला फारसे काही नको. आलात तर माझी धूळ पुसा, जाळी साफ करा, डोक्यावरचा तुकडा हवा तर उचलून बघा. फक्त डाव्या बाजूच्या पत्र्यावर खडूने लिहिलेला पाच आहे, तेवढा पुसू नका.